'रफ' या एका शब्दाची स्पर्शपेटी : कामाच्या नोंदी

काम असं : इंग्रजीतला 'रफ' हा शब्द हाताला कळावा अशी पेटी करायची. पेटीत १५ × २० सेंटिमीटरचे प्लायवूडचे १८ फलक. प्रत्येक फलकावर एक नमुना, शब्दाची एक छटा आणि त्या छटेला मराठवाड्यात खरोखर बोलला जाणारा मराठी शब्द. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयासाठी अशा तीन पेट्या. वापरणारी लेकरं सातवी ते दहावीची. अशी पेटी कुणाला करायची असेल तर यातल्या चुका आधी वाचाव्यात, वेळ सगळा तिथेच गेला.

९ जानेवारी

आधी चार शब्द धरले होते : रफ, स्मूथ, 'भरड' या अर्थाचा कोर्स, क्रिस्प. एका पेटीत चार शब्द म्हणजे प्रत्येकाला चार-पाच फलक. तेवढ्यात कुठल्याच शब्दाचा पूर्ण पसारा दिसत नाही. तीन सोडले, 'रफ' ठेवला.

ठेवण्याचं कारण साधं. हा शब्द लेकरांच्या तोंडात आधीपासून आहे. रफ वही, रफ प्लास्टर, रफ वापर, 'लय रफ बोलतो', रफ अँड टफ. गवंडी वापरतो, टर्नर वापरतो, मास्तर वापरतात. पण वहीचा रफ आणि प्लास्टरचा रफ एकच कसा, हे विचारलं की सगळे थांबतात. पेटीने तेवढं उत्तर द्यायचं.

मराठी प्रतिशब्द गोळा केले : खडबडीत, खरखरीत, खरबरीत, राठ, केसाळ, भरड, जाडंभरडं, ओबडधोबड, कच्चा, ढोबळ, अदमासे, घोगरा, भसाडा, खवळलेला, धसमुसळा, उद्धट, रांगडा, बिनपैलूचा. कोशात बघून यादी वाढवण्याचा मोह टाळला. गावात ज्याने त्याने जो शब्द आपोआप उच्चारला तोच घेतला.

१४ जानेवारी

पहिली मोठी चूक फलकांच्या क्रमात झाली. पहिल्या फलकावर 'खडबडीत' घेतला होता, दगडाचा तुकडा लावून. वाटलं, मूळ अर्थ हाच असणार.

तसं नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'रूह' असा होता आणि त्याचा ठळक अर्थ होता केसाळ, झुबकेदार, न कातरलेला. जाड्याभरड्या कापडाला, झाडाझुडपांनी माजलेल्या पडीक जमिनीलाही तोच शब्द. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात दानीएलाच्या पुस्तकात 'रफ गोट' येतो. तो खडबडीत बोकड नव्हे, केसाळ बोकड. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचाही अर्थ केसाळ असाच आहे. जर्मन भाषेत याच शब्दाचा भाऊ 'राउ'. १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेपर्यंत तो शेवटी 'एच' लावून लिहीत. त्याच घरातून आलेला 'राउख़वारेन' हा जर्मन शब्द म्हणजे केसाळ कातड्यांचा माल, फर. म्हणजे केसांचा अर्थ तिकडे अजून जिवंत आहे.

तेव्हा क्रम बदलला : केस → पृष्ठभाग → अपुरं काम → अंदाज → वागणूक. हा क्रम धरला की पुढचं सगळं एकातून एक निघतं. ज्यावरचे केस कातरले नाहीत ते रफ, म्हणून ज्यावर हात फिरवला नाही ते रफ, म्हणून जे पुरं केलं नाही ते रफ. दगडापासून सुरुवात केली तर वहीपर्यंत पोचताच येत नाही. पाच दिवसांची मांडणी मोडली, पण ती मोडायलाच हवी होती.

२१ जानेवारी

फलक १ आणि २. एकावर धाराशिवकडच्या काळ्या उस्मानाबादी बोकडाचे केस, दुसऱ्यावर घोंगडीचा तुकडा. दोन्ही फुकट मिळाले. फाटक्या घोंगडीचा कोपरा एका धनगर आजीने दिला आणि हात लावून शब्दही दिला : "राठ हाय, पर उबीला हेच बरं." 'राठ' हा शब्द आमच्या यादीत होता, पण तो लोकरीला, केसाला, कातडीला लागतो आणि दगडाला लागत नाही, हे तिच्या बोलण्यावरून नीट लक्षात आलं. 'केसाळ'नंतरची पायरी म्हणून 'राठ' इथेच बसवला.

मग दोन चुका लागोपाठ.

एक : घोंगडी मळकी होती म्हणून गरम पाण्यात, साबण लावून, चोळून धुतली. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की लोकरीचे धागे एकमेकांत अडकून घट्ट होतात. २० सेंटिमीटरचा तुकडा १७वर आला आणि नमद्यासारखा दाट झाला. थंड पाणी, रिठ्याचा फेस, न चोळता नुसतं बुडवून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं. दुसऱ्या तुकड्याला तसंच केलं, मापात राहिला.

दोन : सुताराचा पांढरा गोंद पातळ करून तुकडे चिकटवले. गोंद लोकरीतून वर चढला. वाळल्यावर हाताला राठपणा लागत होता, पण तो गोंदाचा होता, लोकरीचा नव्हे. खोटा नमुना ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा. सहा तुकडे वाया. आता कापडाचे सगळे नमुने शिवायचे ठरवलं : प्लायवूडला कडेने एक-एक सेंटिमीटरवर २ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं, दाभण आणि मेणाचा दोरा. एका फलकाला ४० मिनिटं लागतात. गोंदाने ५ मिनिटांत होत होतं, तरी शिवणच बरी.

बोकडाचे केस शिवता येत नाहीत. त्यांची जुडी बांधून मुळाशी फक्त एक सेंटिमीटरची पट्टी एपॉक्सीने धरली, बाकीचे मोकळे सोडले. ते गळणारच, प्रत्येक पेटीमागे दोन जुड्या जास्तीच्या ठेवल्या.

२४ जानेवारी

प्लायवूड कापलं. ४ मिलिमीटरचा ८ × ४ फुटी पत्रा, ९८० रुपये, कापणी ३००. कागदावर हिशोब केला तेव्हा ९६ फलक निघत होते. करवतीच्या पात्याची जाडी धरली नव्हती. ४ फूट म्हणजे १२१.९ सेंटिमीटर. आठ फलकांचे १२० आणि मधल्या सात कापांचे प्रत्येकी ३ मिलिमीटर, म्हणजे १२२.१. शेवटची १२ फलकांची ओळ २ मिलिमीटर कमी भरली. ५४च फलक हवे होते म्हणून निभावलं. रुंदी १४.८ धरा आणि निर्धास्त राहा.

२८ जानेवारी

उच्चाराचा फलक. यावर नमुना नाही, पण लेकरांचा पहिला प्रश्न हाच असतो : शेवटी 'जी-एच' लिहिलंय तर 'फ' कुठून आला?

'रूह'च्या शेवटचा आवाज घशात घासून निघणारा होता. मराठीच्या वर्णमालेत तो नाही, पण मराठवाड्यातल्या कानांना तो परका नाही. आपल्याकडचा दखनी बोलणारा माणूस 'ख़बर', 'ख़राब' म्हणताना जो 'ख़' काढतो, कलमला 'ख़लम' म्हणतो, तोच हा आवाज. पुण्या-मुंबईच्या लेकरांना जे समजावायला वेळ लागेल ते इथे एका वाक्यात होतं. त्यांना 'रूख़' म्हणायला लावलं की हजार वर्षांपूर्वीचा उच्चार जवळपास तसाच तोंडात येतो.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतरच्या काळातल्या लेखनिकांनी या घशातल्या आवाजासाठी 'जी-एच' ही जोडी रूढ केली. पुढे आवाज बदलला, अक्षरं तिथेच राहिली. काही शब्दांत आवाज गेलाच : थ्रू, बाव म्हणजे फांदी, कणकेचा 'डो'. काहींत त्याचा 'फ' झाला : रफ, टफ, इनफ, कफ म्हणजे खोकला, लाफ म्हणजे हसणं. 'डो'चा 'फ'वाला भाऊही आहे, इंग्रजी पुडिंगमधला 'डफ'. लांब 'ऊ' आखूड झाला आणि मग 'अ'कडे सरकला. उत्तर इंग्लंडात आजही 'रुफ'च्या जवळचा उच्चार ऐकू येतो. फलकावर चार पायऱ्या लिहिल्या : रूख़, रुख़, रुफ, रफ.

सुरुवातीला इथे 'ओ-यू-जी-एच'चे सगळे उच्चार द्यायचा घाट घातला होता. फलक गच्च भरला, कुणी वाचेना. चार पायऱ्या आणि पाच शब्द, बस.

४ फेब्रुवारी

आजची नोंद नातेवाइकांची, आणि आजवरची सगळ्यात लाजिरवाणी चूक याच फलकांवर. छापून आलेले चार फलक, तीन प्रती, सगळे रद्द.

छापलं होतं की गुंड या अर्थाचा 'रफियन' हा 'रफ'पासून निघाला. चूक. तो इटालियन 'रुफियानो'वरून फ्रेंचमार्गे आला, अर्थ होता कुंटणखान्याचा दलाल. इंग्रजीत आल्यावर 'रफ'शी आवाज जुळला म्हणून अर्थ दांडगाईकडे झुकला. आवाज जुळणं म्हणजे नातं नव्हे.

छापलं होतं की कच्चा या अर्थाचा 'रॉ' हा 'रफ'चा सख्खा. तेही चूक. 'रॉ'चं जुनं रूप 'ह्रेआव', आणि त्याचं संस्कृतातलं नातं कच्च्या मांसाच्या 'क्रविस्'शी. 'क्रव्याद' म्हणजे कच्चं मांस खाणारा, त्यातला तोच. घोटाळा आपल्या मराठीमुळे झाला. आपण रफ वहीलाही कच्ची वही म्हणतो आणि न शिजलेल्यालाही कच्चं. इंग्रजीत ती दोन वेगळी घरं आहेत.

'रग' म्हणजे जाड पांघरूण, सतरंजी. हा स्कँडिनेव्हियातून आलेला शब्द, जुन्या नॉर्समध्ये 'रॉग' म्हणजे लोकरीचा झुबका. अर्थाने घोंगडीच्या शेजारी बसतो, म्हणून मोह झाला. तो फलकच काढून टाकला.

चौथा : 'रूक्ष'. फलकावर लिहून बसलो होतो, "रफ आणि रूक्ष एकाच आईची लेकरं". आवाज जुळतो, अर्थ तर फारच जुळतो, आणि संस्कृतशी नातं निघालं की कुणालाही बरं वाटतं. व्युत्पत्तीचे अभ्यासक हा संबंध 'शक्य' इतकाच धरतात, सिद्ध मानत नाहीत. फलकावर आता 'कदाचित' हा शब्द ठळक छापलाय आणि दोन शब्दांमधली रेघ तुटक काढली आहे. 'रूक्ष'चा स्वतःचा वंश मात्र पक्का आहे : पालीत 'लूख' म्हणजे खरबरीत, कोरडं, निकृष्ट.

फेरछपाई ७५ रुपये. पैसे थोडे गेले, पण तपासायच्या आधी छापलं याची रुखरुख जास्त. यापुढे नियम : कुठलंही नातं लिहिण्याआधी दोन्ही शब्दांची जुनी रूपं समोरासमोर मांडायची. जुनी रूपं जुळली नाहीत तर नातं नाही.

१३ फेब्रुवारी

पृष्ठभागाचे फलक. पॉलिश पेपरचे तीन चौकोन : ६०, १२० आणि ४०० नंबर. कणांचा आकार अनुक्रमे साधारण ०.२७, ०.१२५ आणि ०.०३५ मिलिमीटर. लेकरं हमखास उलटं समजतात, नंबर मोठा म्हणजे जास्त खरखरीत. नंबर वाढला की कण बारीक. फलकावर नंबर मागच्या बाजूला लिहिले, म्हणजे आधी बोटाने क्रम लावायचा आणि मग उलटून बघायचं.

'खरखरीत' आणि 'खडबडीत' यांतला फरक इथे पक्का झाला. खरखरीत बोटाच्या पेराला कळतं, खडबडीत तळहाताला किंवा तळपायाला. पॉलिश पेपर खरखरीत, रस्ता खडबडीत. इंग्रजी 'रफ' हा भेद करत नाही, मराठी करते. या भेदासाठी दोन वेगळे फलक ठेवले.

पारिजातकाच्या पानाचा फलकही याच गटात. पान दिसायला साधं, पण बोट फिरवलं की पॉलिश पेपर. चिकटवलेलं पान चौथ्या दिवशी चुरलं. लॅमिनेशन केलं तर स्पर्शच गेला. शेवटी फलकावर नुसता कपड्याचा चिमटा बसवला. पेटी उघडायच्या दिवशी ताजं पान तोडून लावायचं. उसाचं पान वापरू नका. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत हा फरक त्यात छान कळतो, पण कडेने बोट कापतं.

२० फेब्रुवारी ते २ मार्च

दगड. यात सगळ्यात जास्त दिवस गेले आणि तेवढे द्यायलाच हवे होते.

मराठवाड्यात 'रफ'चा धडा घराघरात होता : जातं. दळून दळून जात्याचं तोंड गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग पाथरवट टाकी, म्हणजे छिन्नी, लावून तोंड पुन्हा खरबरीत करतो. म्हणजे खरबरीतपणा हा इथे दोष नाही, तेच जात्याचं काम. अजिंठ्याच्या लेण्यांतही हेच. भिंतींवर छिन्नीचे खडे घाव तसेच सोडले, त्यावर माती, दगडाची भरड, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्रं काढली. भिंत गुळगुळीत असती तर गिलाव्याला धरायला काही उरलं नसतं. इंग्रजीतही सोळाव्या शतकापासून भिंतीवर खडी-वाळू मिसळून मारलेल्या गिलाव्याला 'रफकास्ट' म्हणतात.

हे हाताने दाखवायचं होतं. पहिला प्रयत्न : टाकी लावलेली काळ्या दगडाची फरशी, १० × १२ सेंटिमीटर. ३ सेंटिमीटरपेक्षा पातळ घेतली की टाकी मारताना फुटते, आणि तेवढ्या जाडीला वजन किलोभर. ४ मिलिमीटरचं प्लायवूड वाकलं. रद्द.

दुसरा प्रयत्न : सिमेंटची टाइल. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, जाडी १ सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या थोडं वर. काचेवर ओतली म्हणजे तोंड आरशासारखं येतं. अर्ध्या भागावर छिन्नीने टोचे मारले, अर्धा गुळगुळीत ठेवला. दोन्हींवर प्लास्टरचा एकेक रुपयाएवढा थर. वाळल्यावर बोटाने रेटायचं : गुळगुळीत भागावरचा निघावा, टोच्यांवरचा राहावा.

दोन्ही निघाले.

कारण गावातल्या गवंडीमामांनी एका नजरेत सांगितलं : "टोचे मारल्याबिगर प्लास्टर धरत नसतंय हे खरं, पर टाइल कोरडी ठेवल्यावर टोचे काय करतेत?" कोरड्या टाइलने प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतलं, सिमेंट पिकलंच नाही. दुसऱ्या खेपेला टाइल रात्रभर पाण्यात, सकाळी वरचं पाणी पुसून सिमेंटचा रबडीसारखा हात, मग प्लास्टर, आणि सात दिवस ओलं फडकं. आता गुळगुळीत भागावरची चकती अंगठ्याने सुटते, टोच्यांवरची पेचकस लावूनही सुटत नाही. पेटीतला हा सगळ्यात बोलका फलक. सुटणारी चकती परत लावायला शिवणाच्या दोऱ्याने बांधून ठेवली आहे.

यात आणखी एक निस्तरावं लागलं. पेटीतल्या खाचा ६ मिलिमीटरच्या करून घेतल्या होत्या, हा फलक १४ मिलिमीटर जाड. सुताराकडे पुन्हा खेप, खाच रुंद, एक दिवस आणि जाण्यायेण्याचे १८० रुपये. सगळ्यात जाड फलक तयार झाल्याशिवाय पेटीच्या खाचा पाडू नयेत.

५ मार्च

ज्वारीची भरड काचेच्या उथळ डबीत भरून फलकावर बसवली होती. आज डबीत किडे. भरड मंद आचेवर भाजून, थंड करून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून भरली.

पण खरी अडचण किड्यांची नव्हती. हा फलक 'रफ'चा नाहीच. भरड म्हणजे इंग्रजी 'कोर्स'. फरक असा : कण मोठे असतील तर भरड, पृष्ठभाग असमान असेल तर खडबडीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा ज्वारी-बाजरीला सरकारी इंग्रजीत 'कोर्स' म्हणतात हे पुष्कळांच्या कानावर गेलं होतं. 'रफ ग्रेन' असं कुणी म्हणत नाही.

'कोर्स'ची जन्मकथा वेगळीच. क्रम, चाल, ओघ या अर्थाचा जो 'कोर्स', 'ऑफ कोर्स'मधला, त्याच्यापासूनच तो बहुधा निघाला. ओघाने येणारं म्हणजे नेहमीचं, साधं. आणि साधं म्हणून जाडंभरडं. आपल्या 'जाडंभरडं'ची वाट नेमकी उलटी : आधी जाड आणि भरड, मग साधं, गरिबाघरचं. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून फलक काढला नाही. 'रफ नव्हे, कोर्स' असं लिहून शेवटी ठेवला. अठरा फलकांत एक 'हा तो नव्हे' सांगणारा हवाच.

१७ मार्च

अपुऱ्या कामाचे फलक. इथपासून नमुना शोधणं अवघड होतं, कारण अर्थ हातातून डोक्यात जायला लागतो.

सोपे तीन आधी केले. रंधा न मारलेली आणि मारलेली बाभळीची चीप. लेथवरचा रफ कट आणि फिनिशिंग कट, लातूरच्या वर्कशॉपमधल्या भंगारातले दोन तुकडे. रफ कटच्या खुणा नखाला अडकतात, आणि फिनिशिंगसाठी अर्धा मिलिमीटर माल मुद्दाम शिल्लक ठेवलेला दिसतो. पैलू न पाडलेल्या 'रफ' हिऱ्याऐवजी वेरूळ परिसरात मिळणारा गारेचा ओबडधोबड खडा आणि घासलेला खडा.

मग रफ वही. फलकावर दोन कागद : खाडाखोडीचा मसुदा आणि स्वच्छ प्रत. लिहिताना लक्षात आलं की 'पहिलं, कच्चं लिखाण' ही एकच गोष्ट सांगायला तीन भाषांनी तीन वेगळ्या गोष्टी पकडल्या आहेत. इंग्रजीने स्पर्श पकडला : रफ. मराठीने हाताची क्रिया पकडली : खर्डा, जो खरडण्यातून आला. तिसरा शब्द मराठवाड्यात निजामाच्या काळापासून कचेऱ्यांतून पक्का मुरलेला, 'मसुदा'. अरबी 'मुसव्वदा', मूळ अर्थ काळं केलेलं. स्वच्छ प्रतीला अरबी-फारसीत 'मुबय्यजा', पांढरी केलेली. अरबीने रंग पकडला. हा फलक सगळ्यांत जास्त वेळ हातात घेतला जातो, आणि त्यावर स्पर्शाला काहीच नाही. कागदाखाली ६० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पेन्सिलने लिहायची जागा नंतर वाढवली, म्हणजे 'खरडणे' हाताला लागतं.

२६ मार्च

अंदाजाचा फलक. 'रफ एस्टिमेट'ला 'ढोबळ अंदाज' लिहून मोकळं होता आलं असतं. पण मराठवाड्यात याचं उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी आहे : पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाच्या सवलती ठरतात. नजरअंदाज म्हणजे रफ, सुधारित म्हणजे रंधा मारलेला, अंतिम म्हणजे पॉलिश केलेला. फलकावर बाभळीच्या चिपेच्या तीन अवस्था आणि खाली हे तीन शब्द. 'ढोबळमानाने' हा शब्द कोपऱ्यात. दहावीच्या लेकरांना एकदाही समजावून सांगावं लागलं नाही.

७ एप्रिल

वाचनालयात चाचणी, २२ लेकरं, डोळ्यांवर रुमाल.

काय फसलं : घोंगडी आणि गोणपाट डोळे मिटून सारखेच लागतात. "सर, दोन्ही पोत्याचीच हायेत." गोणपाट काढला. ४०० नंबरचा पेपर घामेजल्या बोटाला गुळगुळीत लागतो. आधी हात पुसायला कोरडं फडकं पेटीत ठेवलं. बोकडाचे केस दोन मुलींनी हात लावायला नकार दिला. फलकावर बाहेरून चित्र छापलं, जबरदस्ती नाही.

काय जमलं : क्रम. केसांपासून सुरुवात केलेल्या गटाला वहीपर्यंतची साखळी स्वतः सांगता आली. मुद्दाम दगडापासून सुरुवात करून दिलेल्या गटाला आली नाही.

२१ एप्रिल

पेट्या खिडकीजवळ ठेवल्या होत्या. दुपारच्या उन्हाने दुतर्फा चिकटपट्टी सुटली, सात नमुने खाली. चिकटपट्टी कुठेच वापरू नका. कडक नमुन्याला एपॉक्सी, मऊ नमुन्याला शिवण.

वागणुकीचे फलक घाईत झाले आणि ते दिसतं. घोगरा आवाज, खवळलेला समुद्र, धसमुसळा हात, उद्धट बोलणं : चारही नुसते शब्द आणि चित्रं. एकच फलक पेटीला शोभतो, 'रफशॉड'चा. घोड्याच्या नालेचे खिळे मुद्दाम बाहेर काढून ठोकायचे, म्हणजे बर्फावर टाप घसरत नाही. अशा टापेने एखाद्यावरून जाणं, म्हणजे दुसऱ्याची पर्वा न करता तुडवत जाणं. नाल माळेगावच्या यात्रेतून आणलेली जुनी, खिळ्यांची टोकं कानसने गोल केली. टोकं गोल करायला विसरू नका.

५ मे

तीन पेट्यांचा खर्च : प्लायवूड ९८०, कापणी ३००, छपाई ३५०, फेरछपाई ७५, पेट्या १९५०, वार्निश २४०, बिजागऱ्या-कड्या १८०, पॉलिश पेपर १२०, गोंद आणि एपॉक्सी २६०, दाभण-दोरा-मेण ८५, प्रवास ५४०. एकूण ५०८० रुपये. वेळ सुमारे १२० तास, त्यातले ३० तरी चुका निस्तरण्यात.

१२ मे

वागणुकीचे चार फलक पुन्हा करायला घेतले. घोगऱ्या आवाजासाठी पत्र्याची डबी आणि तिच्या झाकणावर ओढायची काडी : ६० नंबरच्या पेपरवर ओढली की भसाडा आवाज, काचेवर ओढली की साफ. पहिली डबी फार लहान, आवाज उठला नाही. दुधाच्या पावडरचा मोठा डबा मागवलाय. बोकडाच्या केसांची एक जुडी संपली, दुसरी लावली.